प्रेसवर ८८, ऑफिसात ८६ : एका जिनिंगमधल्या गाठींच्या हिशेबाचं प्रकरण

वणी-पांढरकवडा पट्ट्यातली एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. सरकी काढायला २४ डबल रोलर जिन, गाठी दाबायला एक हायड्रॉलिक प्रेस, फाटकाजवळ गाड्या तोलायला धर्मकाटा आणि प्रेसपासून दीडेकशे मीटरवर ऑफिस. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की मार्चपर्यंत कारखाना दोन पाळ्यांत चालतो. सगळ्या जिनची रुई एकाच प्रेसला जाते, सात-आठ मिनिटांना एक गाठ बाहेर पडते आणि गाठ भरते १७० किलोच्या आसपास. म्हणजे बारा तासांच्या पाळीत नव्वदच्या आतबाहेर गाठी. हे आकडे आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे बिघडलं त्याला वेगाची सबब लागू होत नाही. सात मिनिटांत एकदा एक नोंद करायची, एवढंच काम. ते तर अडगळीतला कॉम्प्युटरही करील.

ऑफिसातला करत नव्हता.

एका डिसेंबरात प्रेसवरच्या टोळीच्या मुकादमाने मजुरी उचलायला नकार दिला. टोळीचा ठेका गाठीमागे असतो. त्याच्या मते दिवसपाळीच्या गाठी ८८, कॉम्प्युटरमध्ये ८६. दुसऱ्या दिवशी उलटं झालं : टोळीच्या ९१, कॉम्प्युटरमध्ये ९२. मुनीमजींनी पंधरवड्याची बेरीज मारली तर फरक नसल्यासारखाच. त्यावरून मालकांनी ठरवून टाकलं की कॉम्प्युटर बरोबर आहे आणि रोजची कटकट टोळीची आहे. खरं तर ही जुळणारी बेरीजच सगळ्यात फसवी होती. काही गाठी गळत होत्या, काही दोनदा पडत होत्या, आणि एका चुकीने दुसरी झाकली जात होती.

जोडणी तपासायला मला बोलावलं तेव्हा मुकादम पॅनलजवळच उभे होते. "साहेब, गाठ काई पाखरू हाये का, उडून जाईन? आमी बांधलेल्या गाठी आमाले माईत हायेत." त्यांची मोजणी पॅनलच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूने होती. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. प्रेसच्या पीएलसीत, म्हणजे प्रेस चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरात, एकूण गाठींचा एक काउंटर होता, जो कुणी शून्य करत नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं. पाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊन वजाबाकी केली. तीन पाळ्या लागोपाठ ती खडूच्या रेघांशी तंतोतंत जुळली. म्हणजे प्रेस शुद्धीवर होती आणि टोळी खरी होती. गाठी हरवत होत्या त्या प्रेस आणि ऑफिस यांच्यामधल्या दोन तारांत.

जोडणी अशी होती. प्रेसच्या पॅनलमध्ये छोटा पीएलसी, गाठीच्या काट्यावर वजनाचा आकडा दाखवणारा इंडिकेटर. दोघांनाही आरएस-४८५ पोर्ट (लांबच्या तारेवर निरोप पाठवायची जोडणी) आणि दोघांनाही मॉडबस, म्हणजे त्या तारेवर बोलायची भाषा, येतं. एकच केबल दोघांना शिवून ऑफिसात जाते, तिथे यूएसबी कन्व्हर्टर लावून कॉम्प्युटरला. कागदावर यात वावगं काही नाही. जुनी आरएस-२३२ जोडणी असती तर पंधरा मीटरच्या पुढे तिचा भरवसा नसतो. आरएस-४८५ मात्र १२०० मीटरपर्यंत जाते आणि एका तारेवर साधारण ३२ उपकरणं सोसते. मॉडबस तर १९७९ चं, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी काढलेलं. आज ते मोटरच्या ड्राइव्हपासून वीजमीटरपर्यंत सगळीकडे सापडतं, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि ते एका दुपारी समजतं.

पण त्याचा स्वभाव ओळखून वागावं लागतं. मॉडबसमध्ये यंत्र आपणहून तोंड उघडत नाही. कॉम्प्युटरने विचारलं तर उत्तर देतं, आणि तेही त्या क्षणी रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या मेमरीतल्या आकड्याच्या खणात, जे पडलं असेल तेवढंच. मघाशी काय झालं, किती वेळा झालं, हे त्याला ठाऊक नसतं. ते कुणीतरी रजिस्टरांत मांडून ठेवलेलं असेल तरच मिळतं.

आधी ज्याने हे काम केलं त्याने काही मांडून ठेवलं नव्हतं. पीएलसीत 'गाठ पूर्ण' असा एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढीच खूण, होता. गाठ प्रेसमधून बाहेर ढकलली की तो दहा सेकंद १ राहायचा, मग ०. कॉम्प्युटर दर चार सेकंदांनी विचारायचा. १ दिसला की नवी गाठ धरायची आणि काट्यावर १०० किलोंच्या वर जे काही असेल ते तिचं वजन म्हणून लिहायचं. सगळं सुरळीत असताना हे चालतं, आणि दाखवायला तर फारच छान चालतं.

आता केबल बघा. ती जिनच्या मोटरांच्या तीन फेज केबलींबरोबर एकाच ट्रेमधून ओढलेली होती. निरोप टोकावर आपटून उलटे येऊ नयेत म्हणून टोकांना लावतात ते १२० ओमचे रेझिस्टर नव्हते. पॅनल उघडलं तर टर्मिनलवर रुईचा बारीक थर, हाताने पुसता येईल एवढा. मोटरा सुरू-बंद होताना निरोप फाटायचे. फाटलेला निरोप मॉडबसच्या सीआरसी तपासणीत (निरोपासोबत येणाऱ्या पडताळणीच्या आकड्यावरून) पकडला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पकडल्यावर काय करायचं हे प्रोग्रॅमने ठरवायचं असतं. इथला प्रोग्रॅम दोन-तीनदा पुन्हा विचारायचा, वाट पाहायचा, आणि तेवढ्यात दहा सेकंद उलटून बिट ० झालेला असायचा. गाठ गळाली. कधी याच्या उलट : पहिल्या विचारणीला बिट १, नोंद झाली. दुसरी विचारणी फसली आणि प्रोग्रॅमने उत्तर नाही म्हणजे ० असं धरून घेतलं. तिसऱ्याला पुन्हा १. प्रोग्रॅमच्या लेखी ० वरून १ झालं, म्हणून आणखी एक गाठ. एकाच दोषातून तूटही निघत होती आणि वाढही.

संध्याकाळची तऱ्हा वेगळीच. लाइट गेली की जनरेटर सुरू होऊन प्रेस दोन मिनिटांत चालू व्हायची, पण ऑफिसातला यूपीएस कधीच म्हातारा झालेला. कॉम्प्युटर बसायचा, कुणीतरी येऊन तो सुरू करायचा, पासवर्ड टाकायचा, प्रोग्रॅम उघडायचा. या मधल्या वेळात बांधलेल्या गाठींचं कुणी नाव घेत नव्हतं. रात्रपाळीची तक्रार जास्त का, याचं उत्तर एवढंच होतं.

वजनाचं दुखणं मात्र मला जास्त वाईट वाटलं, कारण ते कुणाला दिसतच नव्हतं. प्रेसमधून निघालेली गाठ काट्यावर यायला मिनिट-दीड मिनिट जातं. हमाल चहाला गेलेले असले तर आधीची गाठ अजून काट्यावरच असते. अशा वेळी ४१ व्या गाठीच्या लेबलवर ४० व्या गाठीचं वजन छापलं जायचं. आणि याच्याही खाली एक बारीक गंमत होती. इंडिकेटर वजन दशांशात द्यायचा, ३२ बिटांचा आकडा, म्हणजे १६ बिटांची दोन रजिस्टरं. कोणतं रजिस्टर आधी, याबद्दल मॉडबस काही सांगत नाही, ज्याची त्याची मर्जी. उलट जोडलं तर १६८.४ किलोची गाठ २७ वर २२ शून्यं एवढी दिसते. ही चूक प्रामाणिक म्हणायची, पहिल्याच मिनिटाला ओरडून सांगते. इथे ती आधीच दुरुस्त झालेली होती. पण प्रोग्रॅम ती दोन रजिस्टरं दोन वेगवेगळ्या विचारण्यांत वाचत होता. गाठ काट्यावर स्थिरावताना आकडा १६८.४ वरून १६७.९ वर आला. सोळाच्या पायावरच्या अंकांत (हेक्स, जिथे ९ नंतर ए ते एफ येतात) पहिला ४३२८-६६६६, दुसरा ४३२७-ई६६६. वरचा अर्धा बदलाच्या आधी वाचला आणि खालचा नंतर, तर जोडून होतं ४३२८-ई६६६, म्हणजे १६८.९. क्रम उलटा पडला तर १६७.४. काट्याने हे दोन्ही आकडे कधी दाखवलेलेच नाहीत. दोन्ही निरोप सीआरसीला पास, दोन्ही आकडे पटण्यासारखे, आणि अर्ध्या किलोचा फरक गिरणीच्या काट्यावर निघेपर्यंत कुणाला कळणार नाही.

पहिलं काम तारेचं केलं. शिल्ड (धातूचं वेष्टण) असलेली पिळाची केबल स्वतंत्र लोखंडी पाइपातून नेली, दोन्ही टोकांना १२० ओम बसवले, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं, आणि साधा यूएसबी कन्व्हर्टर काढून आयसोलेशन असलेला, म्हणजे दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा, लावला. फाटके निरोप जवळजवळ थांबले. मालक म्हणाले, झालं की काम. तिथे थांबणं सोपं होतं. पण तार चांगली झाल्याने निरोप कमी फाटतात, हरवलेला निरोप परत मिळायची सोय त्यातून होत नाही. पुढची लाइट गेली की पुन्हा तेच.

हा प्रश्न जगात फार आधी आणि फार महागड्या कारखान्यांत सुटलेला आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत एकेका खोलीत वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असतात आणि सगळ्यांवर एक होस्ट कॉम्प्युटर नजर ठेवतो. त्यांच्या सेमी या संघटनेने १९८० मध्ये एसईसीएस-१ हे प्रमाण काढलं, आपल्या ओळखीच्या आरएस-२३२ तारेवर चालणारं. निरोपांचा मजकूर कसा असावा हे एसईसीएस-२ ने ठरवलं. १९९० च्या दशकात तोच मजकूर नेटवर्कच्या केबलवरून नेणारं एचएसएमएस आलं, आणि यंत्राने होस्टशी वागायचं कसं हे सांगणारं जेम आलं. माझ्या मते खरी अक्कल जेममध्ये आहे, कारण त्यात तारेपेक्षा वागणुकीची चर्चा जास्त आहे.

त्यात प्रत्येक निरोपाला दोन आकडे असतात, स्ट्रीम आणि फंक्शन. विषम फंक्शन म्हणजे कुणीतरी काही विचारलं किंवा कळवलं, पुढचं सम म्हणजे त्याचं उत्तर. एस-१ एफ-१ म्हणजे 'आहेस का?', एस-१ एफ-२ म्हणजे 'आहे'. एस-६ एफ-११ ने यंत्र आपणहून घटना कळवतं आणि एस-६ एफ-१२ ने होस्ट तिची पोच देतो. टी-३ नावाची मुदत असते, सहसा ४५ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर व्यवहार फसला असं धरतात. उत्तर नाही म्हणजे शून्य, असं तिथे कुणी धरत नाही. आणि होस्ट बंद पडला तर यंत्र ठरलेले निरोप स्वतःपाशी साठवून ठेवतं आणि जोडणी परत आल्यावर होस्टने मागितले की देतं. याला स्पूलिंग म्हणतात. आमच्या संध्याकाळच्या लाइटीचं औषध तिथे प्रमाणातच लिहिलेलं आहे.

अर्थात जिनिंगमध्ये कुणी जेम बसवत नाही. त्या छोट्या पीएलसीला ते झेपणार नाही आणि सॉफ्टवेअरचा खर्च मालकांना झेपणार नाही. ओपीसी यूए हे यंत्रांनी बोलायचं नवं प्रमाण, हा आजच्या कारखान्यांचा दुसरा चांगला रस्ता, पण तो त्या पीएलसीत नव्हता. मग मॉडबस ठेवलं आणि रजिस्टरांची मांडणी बदलली.

गाठ काट्यावर येऊन वजन स्थिर झालं की पीएलसी एक पूर्ण नोंद करतो : अनुक्रमांक, वजन, तारीख, वेळ, पाळी आणि नोंद कशी झाली त्याचा एक कोड. आठ रजिस्टरांत एक नोंद. अशा ४०० नोंदींची गोल वही पीएलसीच्या लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. दोन्ही पाळ्या धरल्या तरी दोन दिवस ऑफिस बंद राहिलं तर चालेल एवढी. वजन दशांशात न ठेवता शंभर ग्रॅमच्या पटीत, म्हणजे १६८.४ किलो म्हणजे नुसतं १६८४. एका रजिस्टरमध्ये बसतं, अर्धं-अर्धं वाचलं जाण्याचा प्रश्नच मिटला. काट्याचं वजन आता पीएलसी वाचतो, तीन मीटरवरून, दोन्ही रजिस्टरं एकाच विचारणीत. ऑफिसचा कॉम्प्युटर इंडिकेटरशी बोलतच नाही.

कॉम्प्युटर फक्त विचारतो, शेवटचा अनुक्रमांक किती? त्याच्याजवळ ४,११२ पर्यंत असेल आणि पीएलसी ४,११५ म्हणाला, तर मधल्या तीन नोंदी मागतो. मॉडबसमध्ये एका विचारणीत १२५ रजिस्टरं वाचता येतात, म्हणून दहा-दहा नोंदी एका घासात येतात. डिस्कवर पक्क्या लिहून झाल्या की मगच एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये ४,११५ हा आकडा परत लिहितो. ही त्याची पोच. पोच येईपर्यंत पीएलसी ती नोंद पुसत नाही. निरोप फाटला, कॉम्प्युटर मधेच बसला, तीच नोंद दोनदा आली, तरी हरकत नाही. कॉम्प्युटरमध्ये हंगाम, प्रेस आणि अनुक्रमांक मिळून एकच नोंद राहू शकते, दुसरी तो नाकारतो. १६ बिटांत ६५,५३५ पर्यंत मोजता येतं आणि एका प्रेसच्या हंगामात एवढ्या गाठी होत नाहीत, त्यामुळे आकडा पुन्हा एकपासून सुरू व्हायची भानगडही नाही.

वेळेचंही एक लचांड होतं. पीएलसीचं घड्याळ आणि कॉम्प्युटरचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असायचा, आणि पाळी बदलताना बांधलेली गाठ कोणत्या टोळीची यावरून वेगळी भांडणं. आता नोंदीवर पडते ती पीएलसीची वेळ, आणि कॉम्प्युटर रोज दुपारी, पाळी बदलण्यापासून दूर, ते घड्याळ मिळवून देतो.

चाचणी टोळीसमोरच घेतली. दिवसपाळीत ऑफिसचा कॉम्प्युटर मुद्दाम बंद केला, जेवणाची सुटी होऊन पुढे बराच वेळ तसाच ठेवला. प्रेस चालू होती. मग सुरू केला तर स्क्रीनवर मधल्या सगळ्या गाठी वेळेनिशी ओळीने उतरल्या. मुकादमांनी दारावरच्या रेघांशी एकेक ताडून पाहिली. "मंग आता रेघा नाई माराच्या का?" मी म्हटलं, मारा, तुमची वही तुमच्याजवळ असू द्या. मुनीमजींना हे आवडलं नाही, पण मजुरीच्या बाबतीत दोन स्वतंत्र मोजण्या असणं मला तरी वाईट वाटत नाही.

मालकांची एक मागणी मी मानली नाही. तार आहेच तर ऑफिसातून प्रेस थांबवता आणि सुरू करता यावी, असं त्यांना वाटत होतं. जेममध्ये होस्ट यंत्राला हुकूम देऊ शकतो, पण यंत्र 'लोकल' की 'रिमोट' हे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला ठरवता येतं. लोकलवर असेल तर होस्टने फक्त बघायचं. ही राखण मॉडबसमध्ये नाही. त्यात पासवर्डच नाही, त्या दोन तारांपर्यंत जो पोचला तो कोणत्याही रजिस्टरमध्ये काहीही लिहू शकतो. आणि प्रेसवर माणसांचे हात पेटीच्या आत असतात. म्हणून पीएलसीत बाहेरून लिहिता येतील अशा दोनच जागा ठेवल्या, पोच आणि घड्याळ. बाकी काहीही लिहायचा प्रयत्न झाला तर पीएलसी ते मनावर घेत नाही. थांबवायचं असेल तर प्रेसजवळचं लाल बटन, आणि त्याची तार कोणत्याही कॉम्प्युटरमधून जात नाही.

मालकांचा भाचा पुण्याला नोकरीला. त्याचं म्हणणं, हे सगळं सोडा, एमक्यूटीटीने (नेटवरून छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीने) थेट क्लाऊडवर पाठवा. एमक्यूटीटी चांगलीच गोष्ट आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवरून उपग्रहामार्फत तुटपुंज्या जोडणीत आकडे आणण्यासाठी ती निघाली, म्हणजे आपल्या मोबाइलच्या रेंजला शोभणारी. पण तिच्यात 'निदान एकदा नक्की पोचेल' ही हमी घेतली तर निरोप दोनदा येऊ शकतो. अनुक्रमांक तिथेही लागणारच. पुढच्या हंगामात ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तसं पाठवायला माझी हरकत नाही. पीएलसीतली वही मात्र जिथे आहे तिथेच राहील.

जे सुटलं नाही तेही नोंदवून ठेवतो. धर्मकाट्याचं सॉफ्टवेअर वेगळ्याच माणसाचं आहे आणि त्याने आपला निरोपांचा नमुना द्यायला नकार दिला. गाड्यांची वजनं आजही मुनीमजी हाताने चढवतात. कोणत्या शेतकऱ्याचा कापूस कोणत्या गाठीत गेला, हे गिरणीवाले आता विचारू लागलेत. 'कस्तुरी'सारख्या, भारतीय कापसाच्या ब्रँडच्या, योजनांमुळे गाठीवर क्यूआर कोड आला, त्याच्यामागे हीच अपेक्षा असते. पण अंगणात दहा बंड्यांचा कापूस एका गंजीत पडतो, आणि गंजीतून जिनवर जाताना कोणतंही प्रमाण त्याला वेगळा करू शकत नाही. तिथे तार ओढून उपयोग नाही, गंज्या वेगळ्या लावायला जागा आणि माणसं लागतील.

ओलाव्याचा मीटर अजून हातातलाच आहे. नवा, गाठीच्या वाटेवर बसणारा मीटर घ्यायचं चाललंय. या वेळी मालकांनी ऑर्डरमध्ये तीन ओळी घालून घेतल्या : रजिस्टरांची पूर्ण यादी आगाऊ रक्कम देण्याआधी हातात हवी. प्रत्येक मोजणीला वाढता अनुक्रमांक हवा. आणि ऑफिसशी जोडणी तुटली असताना घेतलेल्या मोजण्या जोडणी परत आल्यावर मिळाल्याच पाहिजेत. तीन विक्रेत्यांना कागद गेला. दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकाने तिसरी ओळ पेनाने खोडून पाठवली आहे.